बाबांचा टाक

चुलतभावाच्या लग्नाआधी बाबांचा टाक देव्हाऱ्यात बसला पाहिजे, असं शामकाकांनी ठरवलं. आमच्या घराण्यात गेलेल्या माणसाचा मुखवटा चांदीच्या पत्र्यावर उठवून पूजेत ठेवतात, आणि चांदी त्याचीच लागते. बाबांची चांदी म्हणजे तपकिरीच्या डबीतली तीन ग्रीक नाणी. पैठण, जुन्नरकडच्या सराफांच्या मोडीतून त्यांनी ती एकेक करून सोडवून आणली होती.

मी न्हायला गेले तेवढ्यात काका डबी घेऊन गेले. समजल्यावर मी बैठकीतल्या भिंतीवरची एक चौकट काढली आणि ओल्या केसांनीच कोपरगावच्या बाजारात पुंजाराम सोनारांचं दुकान गाठलं. शेगडीवर मूस तापत होती. नाणी तागडीत होती. मी ती उचलली.

"नीलांबरी, ठेव खाली," काका म्हणाले.

"नाही ठेवणार."

"तुझ्याच बापाचा टाक करतोय. मला हौस आहे का? आणि यवनांची नाणी ती, देवाधर्माची नाहीत."

"मग देव्हाऱ्यात कशी चालतात?"

पुंजाराम फुंकणीआड हसले. "पोरीनं धरलं की, शामराव."

मी एक नाणं त्यांच्यापुढे धरलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला राजा, दुसरीकडे ढाल धरून वज्र उगारलेली देवी. कडेची ग्रीक अक्षरं मी कॉलेजात कोन आणि तरंगलांबीसाठी फळ्यावर लिहीत आले होते. बाबांनी ती मला त्याच्याही आधी या नाण्यांवरून शिकवली होती.

"दोन हजार वर्षं टिकलंय हे."

"टाक झाला नाही तर लग्न थांबेल," काका म्हणाले.

"टाक होईल." मी चौकटीतून माझं बी.एस्सी.चं रौप्यपदक काढून तागडीत टाकलं. "हे वितळवा."

काकांचा चेहरा उतरला. आल्यागेल्याला ते पदक दाखवणारे तेच. "ही चांदी दादाची कशी?"

"तुम्ही सगळे नको म्हणत असताना मला शिकवलं कोणी?"

"मुलामा असेल नुसता."

"पाण्यात तोलून पाहिलंय. घनता दहाच्या वर आहे."

पुंजारामांनी पदक कसोटीवर घासलं. "चांदी चांगली हाय."

"उद्या तुला बघायला लोक आले, की काय दाखवू?" काका म्हणाले.

"नाणी दाखवा."

पुंजारामांनी काकांकडे पाहिलं. पदक मुशीत गेलं. आधी माझं नाव वितळतं की कॉलेजचं, हे पाहायला मी वाकले. काकांनी तोंड फिरवलं. नाणी माझ्या मुठीत होती.