रुमालाचा खेळ

रुमाल बिल्यानाच्या पाठीमागे पडला, पण ती तशीच बसून राहिली.

रिंगणातल्या पंधरा-सोळा मुलांना तो दिसत होता. कुणी हसू दाबत होते, कुणी शेजारच्याला कोपराने ढोसत होते. शहरातल्या त्या बालवाडीच्या कुंपणाबाहेर बाकावर बसलेल्या रुमेनाबाईंनाही तो दिसत होता. रुमाल टाकणारी मुलगी फेरी पुरी करून आली आणि तिने बिल्यानाच्या पाठीत धपका घातला. एकच गिल्ला झाला. बिल्याना उठली आणि नियमाप्रमाणे रिंगणाच्या मधोमध जाऊन बसली. हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसावे तशी.

बाईंच्या लक्षात आले. ती खोकल्याची वाट पाहत होती.

त्यांच्या गावात एकतीस माणसे उरली होती आणि मूल एकच, सहा वर्षांची बिल्याना. तिची आई स्पेनमध्ये परक्यांच्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करून पैसे पाठवायची आणि इकडे स्टानाआजी नातीला सांभाळायची. तीन वर्षांपूर्वी गावची बालवाडी बंद पडली, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या रुमेनाबाईही घरी बसल्या. पण अक्षरे पुस्तकातून शिकता येतात; आपली पाळी येईपर्यंत थांबणे, भांडणे, पुन्हा एकत्र येणे हे मूल फक्त खेळात शिकते, असे त्या अडतीस वर्षे पोरांच्या आयांना सांगत आल्या होत्या. म्हणून रोज चार वाजता त्या चौकातल्या लिंडनच्या झाडाखाली चार-पाच म्हाताऱ्यांना गोळा करून रिंगण धरायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गेंचोआजोबांना जमिनीवर बसता येत नसे, त्यांच्यासाठी खोके पालथे घातलेले असे. ट्रॅक्टर चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. बिल्यानामागे कुणी रुमाल टाकला की ते खोकायचे, म्हणजे तिला कळायचे. आणि ती धावू लागली की तिला कुणीच पकडत नसे.

सप्टेंबरपासून तिला रोज बसने याच शहरात पहिलीच्या वर्गात यायचे होते. तिच्याच वर्गात येणाऱ्या या पोरांची ओळख व्हावी म्हणून बाई तिला मे महिन्यातच एक दिवसासाठी घेऊन आल्या होत्या.

थोड्या वेळाने रुमाल बिल्यानाच्या हाती आला. तिने तो एका दांडग्या मुलामागे टाकला आणि ती पळाली. पळाली म्हणायचे एवढेच. दर दोन पावलांनी ती मागे वळून पाहत होती. मुलाने तिला अर्ध्या फेरीतच गाठले.

"ही धावतेय का चालतेय?" तो इतरांना म्हणाला. "म्हातारीच आहे ही."

मग सगळ्यांनी तिला आजीबाई म्हणायला सुरुवात केली. बिल्याना रडली नाही. न सांगता पुन्हा मधे जाऊन बसली. बाईंनी कुंपणाची जाळी धरली, सोडली. आत जाऊन काय सांगणार होत्या त्या, आणि कुणाला?

परतीच्या बसमध्ये बिल्यानाने सगळा पाव संपवला. तिकडची मुले फार जोरात धावतात, एवढेच ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी बाईंनी गावच्या दुकानासमोर सगळ्यांना थांबवून घेतले. आपण लाडाने पोरीचे वाटोळे केले, उद्यापासून कुणी मुद्दाम हरायचे नाही, असे त्यांनी बजावले. स्टानाआजीला ते लागले. पोरीची आई दोन वर्षांत घरी आलेली नाही, आता पोरीने रुमालातसुद्धा हरायचे का, असे ती दुकानाच्या दाराकडे पाहत पुटपुटली.

गेंचोआजोबा टोपीशी चाळा करत म्हणाले,

"मी मुद्दाम हरतो असं वाटतं का बाई तुम्हाला? मुद्दाम असतो तो फक्त खोकला."

दुसऱ्या दिवशी चार वाजता बिल्यानाने रुमाल बाईंच्याच मागे टाकला. बाई उठल्या आणि एकसष्टाव्या वर्षी जेवढे धावता येते तेवढे धावल्या. पोरीचा फ्रॉक हाती आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. स्टानाआजीने मान फिरवली.

"हरलीस तू," बाई धापा टाकत म्हणाल्या. "रडायचं असलं तर रड. पण हरलीस."

बिल्यानाने त्यांच्याकडे नवलाने पाहिले.

"तुम्ही जवळ आलात की मी हळू होते," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही आणखी जोरात धावता."

"रोज अशीच धावतेस?"

"सगळ्यांबरोबर. गेंचोआजोबांबरोबर तर फारच हळू."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"शाळेत तसं नाही करायचं. तिथे जोरात धावायचं. मागे बघायचंच नाही."

"आणि मागचं कुणी पडलं तर?"

"पडलं तर उठेल. पडलेलं माणूस उठतं, बिल्याना."

"व्हेलिकाआजी कुठे उठली?"

फेब्रुवारीत याच खेळात, बिल्यानामागे धावताना, व्हेलिका बर्फावरून घसरली होती. खुब्याचे हाड मोडले म्हणून तिला शहरात नेले आणि तीन आठवड्यांनी गावच्या रीतीप्रमाणे तिच्या दारावर फोटोसकट निधनाचा कागद लागला. पोरीला कुणी काही सांगितले नव्हते. तिनेही विचारले नव्हते. ती विसरली, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

एवढ्या वर्षांत किती पोरांची ढोपरे बाईंनी पुसली होती. त्यांनी बिल्यानाला रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभे केले आणि स्वतः अलीकडे येऊन, हळूहळू, आधी गुडघे मग हात टेकत, चौकाच्या फरशीवर चक्क आडव्या झाल्या.

"ही मी पडले. आता बघ, कशी उठते. तू जागची हलू नकोस."

त्या कुशीवर वळल्या. तळहात टेकला, एक गुडघा पोटाशी घेतला. दुसरा येईना. पुन्हा जोर केला. गेंचोआजोबा खोक्यावरून अर्धवट उठले आणि तसेच खाली बसले. बाईंनी हसून मान वर केली. हसू तोंडावर धड आले नाही. तिसऱ्या खेपेला हात घसरला आणि गाल फरशीला टेकला.

पलीकडून चपलांचा फटफट आवाज आला. बिल्याना धावत येत होती. इतक्या जोरात धावताना गावात तिला कुणीच पाहिले नव्हते.