मानधनावरची बाई

"बाईंची पिशवी घरी आली का?"

फोनवर साहेब होते. माझी बायको ज्यांच्या हाताखाली जनगणनेचं काम करायची ते पर्यवेक्षक. मी दुकानात एका शिलाई मशीनचं शटल काढून बसलो होतो. हात तेलाचे, म्हणून फोन खांद्यात धरला होता.

"घरी कशी येईल? पिशवी घेऊनच फिरतेय ना ती सकाळपासून," मी म्हणालो.

मग साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हाला अजून कोणी कळवलंच नाही?"

असं मला कळलं. एका इमारतीचा जिना चढताना ती मध्येच खाली बसली आणि मग आडवी झाली. लोकांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं, पण तोवर काही उरलं नव्हतं. गळ्यातल्या ओळखपत्रावर नंबर ऑफिसचा. म्हणून दवाखान्याने ऑफिसला कळवलं, आणि ऑफिसने मला पिशवीचं विचारलं.

मी पोचलो तेव्हा साहेब आधीच आलेले होते. तिला एका खाटेवर ठेवलं होतं, अंगावर चादर. मोजणीच्या कागदांची पिशवी खाटेखाली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा हात पिशवीच्या बंदावर होता.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "गल्ली पुरी झाली होती का हो? काही बोलल्या होत्या?"

"मागची ओळ राहिलीय म्हणत होती."

"अरे देवा!" असं म्हणून ते भिंतीला टेकले. त्या दिवशी दवाखान्यात तेवढा एकच शब्द कोणी मनापासून बोललं.

माझी बायको आकडेवारीच्या ऑफिसात मानधनावर होती. लग्नाच्या आधीपासून. जनगणना आली की तिला बोलावणं यायचं, मधल्या काळात रोजगाराच्या पाहणीला. काम संपलं की "बाई, कळवू" म्हणायचे. ती कधी कायम झाली नाही. दर वेळी नवीन धोरण यायचं आणि जुन्या लोकांना सामावून घेऊ असं त्यात लिहिलेलं असायचं. ती मला वाचून दाखवायची. पुढेपुढे दाखवेनाशी झाली.

घरोघर जाऊन विचारायचं हे तिचं काम. लोक दार अर्धंच उघडायचे. काहींना वाटायचं कर वाढवायला आली, काहींना वाटायचं साबण विकायला आली. ती म्हणायची, "अहो, मला पाणी सगळे देतात, पण वय कोणी खरं सांगत नाही."

रोजगाराच्या पाहणीत नियम असा होता, की गेल्या आठवड्यात पैशासाठी तासभर जरी काम केलं असेल, तर तो माणूस कामाला आहे असं लिहायचं. आमचंही घर एकदा त्या पाहणीत निघालं आणि तिच्याच वाट्याला आलं. माझा धाकटा भाऊ तेव्हा आमच्याकडेच राहायचा. कारखाना बंद पडल्यापासून घरी बसून होता. तिने जेवताना त्याला विचारलं, "भावजी, गेल्या आठवड्यात काही काम केलंत?"

"कसलं काम वहिनी? शेजाऱ्याचं कपाट वर चढवायला हात लावला तेवढा."

"पैसे दिले त्याने?"

"चहापुरते दिले. नको म्हटलं तरी खिशात कोंबले."

"किती वेळ लागला?"

"जिना अरुंद. तास गेला की."

"मग तुम्ही कामाला आहात," ती म्हणाली आणि तसं लिहिलं.

भाऊ ताटावरून उठलाच. "दादा, ऐकलंस का? लागलो मी कामाला! सरकारने लावलं! आता मुली बघायला हरकत नाही!"

आम्ही पोट धरून हसलो. मग त्यानेच विचारलं, "आणि वहिनी, तुमचं काय लिहिलं?"

"घरकाम."

"का? तुम्ही तर पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरता."

"मानधन म्हणजे पगार नाही, असं पुस्तिकेत आहे. आम्ही स्वयंसेवक."

भाऊ म्हणाला, "म्हणजे माझं कपाट ते काम आणि तुमचं हे समाजकार्य?"

ती हसली नाही. भात वाढला आणि पुढचा रकाना भरला.

ती गेल्यावर जिची आम्हाला फिकीर होती ती आमची मुलगी. एका ठिकाणी संगणकावर माहिती भरायचं काम करते, तेही कंत्राटी. काम असेल त्या दिवशी बोलावतात. सरकारी भरतीची वाट पाहण्यात तिची वर्षं गेली. जागा रिकाम्या आहेत, पण भरायच्या नाहीत, असं धोरण. आता तिचं वय अटीच्या काठावर आलं होतं. कर्मचारी कामावर असताना गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते, असा नियम आहे. तेवढं एकच दार तिला उघडं राहिलं होतं. म्हणून मी तिला घेऊन ऑफिसात गेलो.

टेबलामागच्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, बाई आमच्याकडे नोकरीला नव्हत्याच."

"मग गळ्यात तुमचं ओळखपत्र कशाला होतं?"

"ते मोजणीपुरतं."

मुलगी म्हणाली, "मोजणीच्या काळात मोजणाऱ्या गणकाला सरकारी नोकर धरतात. कायद्यातच आहे."

कारकुनाने तिच्याकडे नीट पाहिलं. "बरोबर आहे ताई. पण ज्याने आपला भाग पुरा केला त्यालाच गणक धरतात. पुरा केल्याच्या कागदावर सही लागते. तुमच्या आईंनी काम अर्धवट सोडलं."

"सोडलं?" मी म्हणालो. "मेली ती."

"तेच हो काका. पण रकाना एकच आहे. पूर्ण किंवा सोडलं. तिसरा नाही. मी तरी काय करू?"

बाहेर आल्यावर मुलगी रस्त्यावर उभी राहून रडली. दवाखान्यातसुद्धा ती अशी रडली नव्हती.

दोन-चार दिवसांनी साहेब घरी आले. चपला बाहेर काढून, अगदी पाहुण्यासारखे. मुलीने चहा केला. त्यांनी बॅगेतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. भाग पूर्ण केल्याचा कागद. खाली सहीची जागा कोरी होती.

"बाईंची सही तुम्हाला जमेल का?" त्यांनी हळू विचारलं. "तारीख त्याच दिवशीची घालू. सकाळी भाग पुरा केला आणि तपासणीला गेल्या होत्या, असं दाखवता येईल. मग मी लिहून देतो, कामावर असताना गेल्या म्हणून. ताईंचा अर्ज माझ्या हाताने वर नेतो."

"आणि मागची ओळ?"

"तिथे वस्ती नाही, गोदाम आहे, असं लिहायचं. आजवर तेच लिहीत आलेत."

मागची ओळ म्हणजे रद्दीच्या गोदामाच्या पाठीमागच्या पत्र्याच्या खोल्या. गोदामाचा मालक सांगायचा, तिथे माल असतो. तिथे माणसं राहत होती. दिवसभर गोदामात कागद निवडायची आणि अंधार पडायच्या सुमाराला खोल्यांवर यायची. आधीचे गणक दुपारी जायचे, बंद दारं पाहायचे आणि गोदाम लिहून मोकळे व्हायचे. या वेळी तो भाग तिच्याकडे आला. तिने नकाशात ती ओळ आखली आणि रंगाचा डबा नेऊन दारांवर आकडे टाकले. साहेबांशी त्यावरून तिचं वाजलंही होतं. मोजायला ती त्या दिवशी संध्याकाळी जायची होती. आधी इमारती उरकू, म्हणून तो जिना चढायला घेतला.

"साहेब, तिथे माणसं आहेत," मी म्हणालो.

"मला माहीत नाही का?" त्यांचा आवाज चढला, मग त्यांनी तो खाली आणला. "अहो, महिनाअखेरीला माझा भाग शंभर टक्के दाखवायचाय. नाहीतर माझा करार पुढे जात नाही. तुम्हाला काय वाटतं, मी कायम आहे? आम्हाला नुसतं साहेब म्हणतात."

हे मला ठाऊक नव्हतं. माझा राग तिथेच अर्धा गेला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ते कागद ठेवून गेले. मुलीने तो उचलला.

"बाबा, करून टाका."

"तिची सही आहे ती."

"मी करते. शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर मीच करायचे. आईलासुद्धा ओळखू यायची नाही."

"सही जमते गं. पण तिथे कोणी राहत नाही हे तिच्या सहीने लिहायचं? त्या दारांवर आकडे तिनेच टाकलेत."

"आणि मोजून त्या लोकांना कोण नळ देणार आहे? आपली गल्ली दर वेळी मोजतात. काय मिळालं आपल्याला?"

मी चहाचे कप उचलून ठेवले.

"तुमचं दुकान आहे," ती म्हणाली. "तुम्ही तेल घालत बसाल. माझं वय संपतंय बाबा. आई असती ना, तर तिने माझ्यासाठी केली असती सही."

केली असती का? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, केली असती. मुलीसाठी तिने काय केलं नाही? कधी तिचा तो भात वाढतानाचा चेहरा आठवतो. कागदात असेल ते स्वतःच्या विरुद्ध गेलं तरी लिहायचं, अशी तिची रीत. समोर दिसतं ते नाही म्हणून लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. ती असती तर तिने ठरवलं असतं. ती नव्हती, म्हणून मला ठरवावं लागलं. मी मुलीच्या हातातून कागद काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन कोराच परत दिला.

साहेबांनी कागद खणात टाकला.

माझ्या नकाराने कोणाचं काही वाचलं, असं नाही. तो भाग दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढवला आणि त्याने सही केली. मागची ओळ गोदाम म्हणून गेली. साहेबांचा करार वाढला, असं ऐकलं. माझ्या बायकोच्या नावापुढे "सोडलं" असं आहे. ते मी स्वतः पाहिलं. कारकुनाने वही माझ्याकडे वळवून दाखवली. त्याला वाटलं, त्याने माझं समाधान होईल.

पुढे वर्तमानपत्रात पानभर जाहिरात आली. मोजणी शंभर टक्के पूर्ण. त्याखाली रोजगाराचे आकडे होते आणि ते वाढले होते. मुलगीही त्यात असणार. पाहणीच्या आठवड्यात एक दिवस तिला कामावर बोलावलं होतं. मी ते तिला सांगितलं नाही. त्यानंतर तिचं वय अटीबाहेर गेलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. "जेवण झाकून ठेवलंय," "दिवा बंद करा," एवढंच. मी तिला दोष देत नाही. स्वतःलाही द्यावा की नाही, ते कळत नाही.

परवा दुकानात एक बाई आली. डोक्यावर हातमशीन होतं. उतरवून घेताना मी विचारलं, "कुठून आणलंत एवढ्या लांबून?"

"लांबून कुठलं? गोदामामागून."

सुईची दांडी वाकली होती. मी ती काढत होतो. बाई स्टुलावर बसून दुकानभर पाहत होती.

"तुमच्या ओळखीत कोणी मोजणीचं आहे का हो, मिस्त्री?" तिने विचारलं.

"का?"

"आमच्याकडे एक ताई आल्या होत्या. दारावर आकडे टाकून गेल्या. म्हणाल्या, संध्याकाळी सगळे घरात थांबा, मी येते. आम्ही खाडा करून थांबलो. मालकाने पैसे कापले आणि ताई आल्याच नाहीत. सरकारी माणसांचं असंच असतं म्हणा."

मी दांडी खाली ठेवली.

"त्या वारल्या," मी म्हणालो. "तुमच्याकडे यायच्या दिवशीच."

"अगं बाई!" तिने तोंडावर पदर धरला. "आणि आम्ही त्यांना शिव्या घातल्या हो. तुमच्या कोण त्या?"

"माझी बायको."

मी दांडी सरळ केली, बसवली, चाक फिरवून पाहिलं. मशीन चालू झालं. मी पैसे घेतले नाहीत, आणि तिनेही आग्रह केला नाही. मशीन डोक्यावर घेताना ती दारात थांबली.

"मग आता आमच्याकडे कोण येणार?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

दुकान लवकर बंद करून मी तिच्या मागोमाग गेलो. ती संध्याकाळची वेळ होती, माणसं परतत होती. एकेका दारातून दोन-तीन पिढ्या आत शिरत होत्या. कोणी चूल पेटवत होतं, कोणी लेकराला न्हाऊ घालत होतं. मला कोणाचं नाव-वय विचारायचा अधिकार नाही. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

त्या घरांतली माणसं मोजायची राहिली आहेत.