चांगलं ते कपाटात

टेम्पोवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला तेव्हा मी दोन ऑसिलोस्कोपच्या मध्ये उभी होते आणि शिपाई विचारत होता, कुठला उचलू?

विजेची लहर पडद्यावर दाखवणारी ही यंत्रं आमच्या कॉलेजात दोन होती. नवा हातात मावेल एवढा, सेलवर चालणारा, रंगीत पडद्याचा. जुना म्हणजे अर्धं टेबल अडवणारं धूड. त्याच्यावरची रेघ एका जागी ठरायचीच नाही. करारात स्वच्छ लिहिलं होतं की प्रत्येक कॉलेजने आपलं सगळ्यात चांगलं उपकरण केंद्राला द्यायचं.

"जुना उचल," मी म्हणाले.

केंद्र दुसऱ्या कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडे होतं. घोडं कुठे पेंड खात होतं ते आता कळलं असेलच.

आमच्या भागातल्या सहा कॉलेजांनी मिळून ही योजना आखली होती. एकट्यादुकट्या कॉलेजला विज्ञानाची महागडी साधनं परवडत नाहीत, चांगला शिक्षक आला तरी टिकत नाही. म्हणून ज्याच्याकडे जे आहे ते एका ठिकाणी आणायचं, आणि सगळीकडच्या मुलांनी पाळीपाळीने तिथे येऊन प्रयोग करायचे. जवळपासचे कारखानेही आपली माणसं शिकवायला पाठवणार होते. कल्पना चांगलीच होती. असणारच, पहिल्या बैठकीत ती मी मांडली होती. केंद्र आमच्याकडे होणार आणि त्याची प्रमुख मी असणार, हे मी इतकं धरून चालले होते की दाराबाहेरची पाटी कुठल्या रंगाची हवी तेसुद्धा ठरवून झालं होतं.

आणि मिळालं कुणाला, तर धाकटीला. शाळेत असताना ओहमचा नियम समजावून समजावून माझा घसा बसला होता, त्या धाकटीला. कानामागून आली आणि तिखट झाली.

निवड करायला समिती आली होती तेव्हा आमची प्रयोगशाळा नुसती लखलखत होती. काचेच्या कपाटांत उपकरणं ओळीने, प्रत्येकावर चिठ्ठी, कित्येकांची वेष्टनंही शाबूत. मी अभिमानाने सांगितलं की मी आल्यापासून इथे एकही वस्तू फुटलेली नाही. समितीतले एक म्हातारे गृहस्थ ऐकत होते. ते आमच्या वर्गातल्या एका मुलीजवळ गेले आणि म्हणाले, बाळ, हा मीटर जरा लावून दाखव. ती मुलगी वर्षभरात एक अक्षर बोलली नव्हती. स्टाफरूममध्ये आम्ही तिला मौनीच म्हणायचो. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे शिस्तच तशी होती. उपकरण मी हाताळायचं, मुलांनी हात मागे बांधून बघायचं आणि वहीत आकृती काढायची. म्हातारबुवा हसले, चहा छान झाला म्हणाले आणि गेले.

धाकटीची प्रयोगशाळा मी पाहिलेली होती. तिला भंगाराचं दुकान म्हणणं म्हणजे भंगारवाल्याचा अपमान. अर्धी उपकरणं पोट फाडून टेबलावर, तारा लोंबतायत, कुणाच्या बाकावर डिंक सांडलेला. आणि समितीने तिलाच निवडलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वर आईचा फोन. धाकटीचं कळलं का गं, किती गुणाची पोर! मीही तुझीच पोर आहे हे मी बोलले नाही. नवऱ्यापुढे मात्र भडाभडा ओकले. हे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्या शोकेसमधल्या चांगल्या कपबश्यासुद्धा कधी फुटल्या नाहीत. आपण त्यातून प्यायलोच नाही कधी." दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

तर असा तो जुना ऑसिलोस्कोप टेम्पोतून गेला. ठेव म्हणावं उराशी.

पुढच्या महिन्यात आमच्या मुलांची पाळी आली आणि मला त्यांना घेऊन जावंच लागलं. दारातच धाकटीने माझा हात धरला. केस विस्कटलेले, बोटांना काळं लागलेलं, चेहरा मात्र असा फुललेला की मला बघवेना. तिने मला थेट मधल्या टेबलाशी नेलं. तिथे आमचं धूड उघडं पडलं होतं, आणि त्याच्या पडद्यावरची रेघ ठणठणीत उभी होती. हलत नव्हती.

"ताई, तू हा पाठवलास ना, फार बरं केलंस. बाकीच्यांनी सगळं चालू स्थितीतलं पाठवलं. मुलं शिकणार कशावर? याला खोलून दुरुस्त करता करता सगळी शिकली बघ."

टोमणा असता तर मी सव्याज परत केला असता. पण ती मनापासून बोलत होती. लहानपणापासून तिचं हेच; मी चिमटा काढावा आणि हिने लाड समजावेत.

दुपारी पलीकडून कुणीतरी मोठमोठ्याने वाद घालताना ऐकू आलं. बघते तर मौनी. दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलाला ती ठासून सांगत होती की तू तार चुकीच्या जागी लावली आहेस, मी लावून दाखवते, सरक. तिचा आवाज जाडसर होता. मला तो माहीतच नव्हता. धाकटीला माहीत झाला होता, अर्ध्या दिवसात. केंद्र हातचं गेलं तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं. माझी विद्यार्थिनी, आणि बोलते हिच्याकडे!

परतताना बसमध्ये मुलं सारखी विचारत होती, मॅडम, पुन्हा कधी जायचं? मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात एकच घोळत होतं. दुरुस्त केलेल्या जुनाटावर एवढा नाच, तर नवा नेला की काय होईल? खरं उपकरण कसं असतं ते धाकटीलाही कळेल आणि मौनीलाही कळेल की ते कुणाच्या प्रयोगशाळेतलं आहे.

पुढच्या पाळीला मी नवा ऑसिलोस्कोप स्वतःच्या मांडीवर ठेवून नेला. मधल्या टेबलावर ठेवला. खोकं उघडलं तशी दोन्ही कॉलेजांची मुलं भोवती जमली. कुणीतरी हळूच म्हणालं, काय भारी आहे. धाकटीसुद्धा टाचा उंचावून मागून बघत होती. खूप दिवसांनी मला बरं वाटत होतं. मी बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं. पडदा काळाच.

मी मागचं झाकण सरकवलं. आत खोक्याबरोबर आलेले सेल तसेच होते, विकत घेतला त्या दिवसापासून. ते पाझरले होते. पट्ट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती आणि ती आतपर्यंत उतरलेली दिसत होती. ज्याला कुणाचं बोट लागू दिलं नाही ते यंत्र कपाटात बसल्या बसल्या खलास झालं होतं. माझे कान तापले. हे कुणी मोडलं म्हणून ओरडावं, तर हात लावणारी मी एकटीच.

धाकटीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बाकीच्या मुलांना, चला, तुमचं काम अर्धवट आहे, म्हणत दुसऱ्या टोकाच्या टेबलाकडे घेऊन गेली. माझी अब्रू झाकायला. तेही मला सोसवलं नाही. चार शब्द लावले असते तर मी भांडले तरी असते.

मौनी तेवढी गेली नाही. तिने खाली वाकून झाकणाच्या आत बघितलं, नखाने थोडी भुकटी खरवडली. मग सरळ उभी राहिली.

"मॅडम, खोलू का?"

ह्या प्रश्नाला माझं उत्तर आयुष्यभर एकच होतं. ते जिभेवर आलंसुद्धा. सील तुटेल, हमीपत्र बाद होईल, उपकरण माझ्या नावावर आहे. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथे धाकटी मुलांच्या घोळक्यात दिसतही नव्हती, फक्त तिचं हसू ऐकू येत होतं.

"खोल," मी म्हणाले.

तिने कुणाच्या तरी हातातून स्क्रू ड्रायव्हर ओढून आणला आणि पहिला स्क्रू फिरवायला लागली. तो सुटला. अगदी बारीक, टेबलावर ठेवला तर घरंगळून जाईल असा. तो चिमटीत धरून ती इकडे तिकडे वाटी शोधायला लागली. मी तळहात पुढे केला. तिने त्यात स्क्रू टाकला, माझ्याकडे न बघता, आणि दुसऱ्याला लागली.

धाकटीने आत्ता वळून बघावं असं मला फार वाटत होतं. तिने बघितलं नाही. मी तळहात पसरून तशीच उभी राहिले.