मेणकापडाची उशी

बायको वर्ना वारल्यावर तिसऱ्याच आठवड्यात वेंडेल थार्पने तिचा मेणकापडाचा शिकारीचा कोट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत नेऊन टाकला, आणि ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही. दोन दिवसांनी तो परत गेला तेव्हा पेटी रिकामी होती. कपड्यांची विक्री होऊन गेली होती. कुणी काय नेलं हे विचारायचं तर आधी आपण काय टाकलं ते सांगावं लागलं असतं. तो तसाच घरी आला.

त्यानंतरच्या रविवारी त्याच्या मुलीचा, टॅमीचा, फोन आला. ती टेनेसीत राहते. ती म्हणाली, "बाबा, आईचं बाकी काही नको मला. तो कोट तेवढा ठेवा. ईस्टरला येईन तेव्हा नेईन."

"आहे की खुंटीवर," वेंडेल म्हणाला. बोलताना तो रिकाम्या खुंटीकडेच बघत होता.

ही नोव्हेंबरातली गोष्ट. जानेवारीत लावा पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम भरात आला आणि शिकारघराच्या मालकीण कोरीनबाईंनी त्याला कुत्री घेऊन बोलावलं. वेंडेलने चाळीस वर्षं दक्षिण जॉर्जियातल्या या पाइनच्या रानात लोकांची शिकारी कुत्री तयार केली होती. गवतात पक्षी दबून बसला की दगडासारखी उभी राहणारी कुत्री. आता वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. पण घरात बसून करायचं काय, म्हणून तो हो म्हणाला.

कोरीनबाईंनी दोन वर्षांपूर्वी जुनं शिकारघर विकत घेऊन पाहुण्यांसाठी उघडलं होतं. त्यांनी सगळं रान घरात आणलं होतं. दिव्यांच्या दांड्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांच्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तडे गेलेलं लाकडी बदक. दारापाशी रबरी बुटांची जुनी जोडी, आणि बुटांत फुलं. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक रुमालाला लाव्याचं एक पीस बांधलेलं. अटलांटाहून लोक यायचे ते सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास खेचरांच्या गाडीतून शिकारीला जायचे, उरलेला दिवस घरातच फोटो काढत बसायचे. काहीजण जाताना आपल्या घरासाठी तसलेच दिवे सांगून जायचे.

पहिल्यांदा ते घर बघून वर्ना म्हणाली होती, "सगळं आणलंय यांनी घरात. चिखल तेवढा राहिला."

कोरीनबाईंची आणखी एक पद्धत होती. पूर्वीच्या मालकांकडे कुत्रेवाला स्वयंपाकघरात जेवायचा. कोरीनबाई वेंडेलला बाहेर पाहुण्यांबरोबर बसवायच्या, शेकोटीजवळच्या खुर्चीवर, आणि पायाशी त्याची कुत्री डॉट. डॉट चौदा वर्षांची, कानाने अधू, रानात कामाची राहिली नव्हती. पण शेकोटीपुढे झोपलेली म्हातारी शिकारी कुत्री पाहुण्यांना फार आवडायची.

त्या मंगळवारी सकाळची शिकार संपवून वेंडेल मागच्या दाराने आत आला तेव्हा बर्निस पावांवर लोणी लावत होती. बर्निस तिथली स्वयंपाकीण. वर्ना आणि ती चर्चमध्ये तीस वर्षं एका बाकावर बसल्या होत्या.

"आज पण मांडणार वाटतं तुला शेकोटीपाशी," ती म्हणाली. "टोपी जरा मागे घे. फोटोत डोळे दिसत नाहीत."

"जेवायला देतात ना. मग मांडू देत."

"जेवायला मीही देते. माझ्याकडे फोटो नाही काढून घ्यावा लागत." हे बोलताना तिने मान वर केली नाही. हल्ली ती त्याच्याकडे नीट बघत नसे. त्याला वाटायचं, त्याला बघून तिला वर्ना आठवत असेल.

त्या दिवशी पाहुणे दोघंच होते, क्लेटन नावाचे एक वकील आणि त्यांची बायको मेरिडिथ. जेवायला रश्श्यातले लावे होते, मक्याच्या कण्या होत्या आणि कोलार्डची पालेभाजी. वाइनच्या दोन बाटल्यांना कसल्याशा जाड हिरवट कापडाच्या पिशव्या घातलेल्या होत्या, गळ्याशी बटण लावून. क्लेटनसाहेबांनी दोनदा वेंडेलचा ग्लास भरला.

जेवणं होत आली तेव्हा डॉट उठली. एरवी ती शेकोटीपुढून हलत नसे. ती लंगडत कोचाकडे गेली, पुढचे पाय वर टाकले आणि तिथल्या एका उशीत तोंड खुपसलं. उशीला एक खिसा होता. ती त्या खिशात नाक घालून फुसफुसायला लागली.

"डॉट, खाली हो," वेंडेल म्हणाला आणि तिला ओढायला उठला.

जवळ गेला तेव्हा त्याला वास आला. मेण, धूर, ओलं कुत्रं. उशीच्या डाव्या बाजूला बोटभर फाटलेलं होतं आणि ते मासेमारीच्या हिरव्या दोऱ्याने शिवलेलं होतं. डॉट पिल्लू असताना कुंपणाच्या तारेत अडकली होती. तिला सोडवताना वर्नाचा कोट फाटला. त्याच संध्याकाळी वर्नाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो शिवला, हाताला लागला तो दोरा घेऊन. त्या खिशात ती कुत्र्यांसाठी मक्याच्या पावाचे तुकडे ठेवायची. त्याचा चुरा अजून शिवणीत असणार.

कुत्रीने आधी ओळखलं. तो चार आठवडे त्या खोलीत येऊन बसत होता.

"राहू द्या हो काका," कोरीनबाई हसून म्हणाल्या. "तिची निवड चांगली आहे. घरातली सगळ्यात खरी वस्तू आहे ती." मग त्या पाहुण्यांकडे वळल्या. "खऱ्या कोटाची आहे. इथल्याच चर्चच्या विक्रीत मिळाला. कोणाचा ते माहीत नाही, पण वापरलाय बघा किती. मेणकापड धूत नाहीत, धुतलं की मेण जातं आणि वासही जातो. म्हणून तसाच कापला. पाठीची ही उशी झाली, वर पुढचा खिसा लावला, आणि बाह्यांच्या या." त्यांनी बाटल्यांकडे हात केला.

वेंडेलने बाटल्यांकडे पाहिलं. गळ्याशी होतं ते बाहीचं बटण होतं. तासभर तो वर्नाच्या बाहीतून वाइन पीत होता.

मेरिडिथने उशी मांडीवर घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला. "असा कोट कुणी टाकून कसा देतं?"

"नवरा असेल कुणाचा तरी," क्लेटनसाहेब म्हणाले. "बायको बाहेर गेलेली बघून कपाट आवरलं असेल. आता झोपतोय बाहेर पडवीत."

सगळे हसले. वेंडेलही हसला. हसू तोंडावर आलं तेव्हा त्याला कळलं की आपण हसतोय, पण तोवर ते आलेलं होतं.

"काका, तुम्ही सांगा ना," कोरीनबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळेल. हे कशाने फाटलं असेल?"

"तार असेल," तो म्हणाला. "कुंपणाची."

"आणि हा दोरा?"

"मासे धरायचा."

"बघा," कोरीनबाई पाहुण्यांना म्हणाल्या. "एका नजरेत."

मेरिडिथने उशी छातीशी धरली. "कोरीन, ही मला दे. मी इथून तशीच डोंगरातल्या घरी चाललेय. तिकडच्या खिडकीत हिची जागा मला आत्ताच दिसतेय."

"घे की. माझ्याकडून भेट."

वेंडेल डॉटला गळपट्ट्याला धरून स्वयंपाकघरात आला. बर्निस भांडी घासत होती. तिने पाणी बंद केलं.

"ओळखलास वाटतं एकदाचा," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"चर्चची पेटी कोण उघडतं, वेंडेल? मीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आणून टाकलास. मी काय बोलायचं? मला वाटलं, याला नको असेल." तिने हात पुसले. "तुझी टॅमी नाताळात फोनवर म्हणाली, ईस्टरला आईचा कोट न्यायला येतेय. खुंटीवर आहे म्हणाली. मी म्हटलं, हो का."

तो खुर्चीवर बसला. 

जे बर्निसलाही माहीत नव्हतं ते असं. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात वर्नाला थंडी वाजायची. ती म्हणाली, "वेंडेल, येताना माझा कोट आण. पायावर टाकेन." तो म्हणाला, "अगं, त्याला कुत्र्यांची घाण आहे. नर्सा काय म्हणतील?" आणि वाटेत दुकानात थांबून त्याने एक नवी दुलई घेतली, निळी, मऊ. वर्नाने ती पांघरली. छान आहे म्हणाली. कोटाचं पुन्हा काढलं नाही. चार दिवसांनी ती गेली. मग घरी आल्यावर तो कोट रोज खुंटीवरून त्याच्यासमोर यायचा. सकाळी कॉफी करताना, रात्री दिवा मालवताना. तिसऱ्या आठवड्यात त्याने तो काढला.

"ती बाई जेवण झालं की निघणार," बर्निस म्हणाली. "दुपारच्या शिकारीला फक्त नवरा थांबतोय. सामान गाडीत भरायला घेतलंय."

"मला ऐकू येतं."

"ऐकू येतं ते बरं आहे."

तो उठला. बाहेरच्या खोलीत मेरिडिथ गळ्यात स्कार्फ घालत होती, उशी तिच्या बॅगेवर ठेवलेली होती. वेंडेलने टोपी काढली. कोरीनबाईंना ते विचित्र वाटलं असावं, कारण टोपी घालूनच बसा असं त्यांनीच सांगितलं होतं.

"बाई," तो मेरिडिथला म्हणाला, "ही उशी तुम्हाला नेता यायची नाही."

"का बरं?"

"तो कोट माझ्या बायकोचा आहे. वर्नाचा. पेटीत मी टाकला. साहेब म्हणाले तो नवरा मी."

क्लेटनसाहेबांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "अहो, मी आपलं गमतीने..."

"बरोबरच बोललात तुम्ही. मी हसलोही."

 मेरिडिथने उशी उचलून त्याच्या हातात दिली आणि चटकन हात मागे घेतला. कोरीनबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. त्या टेबलापाशी गेल्या, बाटल्यांवरच्या पिशव्या काढायला लागल्या. एकीचं बटण निघेना. शेवटी वेंडेलनेच ते काढलं, त्या बटणाला जरा तिरकं करावं लागायचं. त्या बाहीवर वाइनचा डाग पडला होता.

"मला विचारायला हवं होतं कुणाला तरी," कोरीनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "काका, पुढचा बाकी भाग मी फेकला. तिथलं मेण फार उडालं होतं. मला माहीत असतं तर..."

"तुम्हाला कसं माहीत असणार?"

"पण तुम्ही तो का दिलात?"

तो बाही दुमडत होता. उत्तर तोंडाशी आलं होतं. पण हे ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा नव्हता.

"खेचरं जुंपून उभी आहेत," तो म्हणाला. "उशीर होतोय."

दुपारच्या शिकारीत तीन थवे उठले. क्लेटनसाहेबांचा एकही बार लागला नाही आणि वेंडेलही त्यांना काही शिकवायला गेला नाही. परतताना गाडीत दोघं शेजारी बसले. उतरताना साहेबांनी हात पुढे केला. वेंडेलने तो घेतला. साहेब काहीतरी म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत, आणि वेंडेलला ते बरं वाटलं. त्याला कुणाकडून माफी नको होती. माफी मागायची होती ती त्यालाच.

घरी पोचला तेव्हा उजेड होता. उशी खुंटीला अडकेना. त्याने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, शेजारी दोन बाह्या, एक स्वच्छ आणि एक डागाची. डॉटने टेबलाच्या कडेला हनुवटी टेकली. निळी दुलई अजून हॉस्पिटलच्या पिशवीतच होती, दाराआड.

फोन भिंतीवर होता. टॅमी दर रविवारी फोन करायची. आपणहून तिला फोन केल्याचं त्याला आठवत नव्हतं. नंबर वर्नाच्या अक्षरात फोनशेजारी चिकटवलेला होता, पण पुसट झालेला, म्हणून त्याने चष्मा शोधला. मग नंबर लावला.

"बाबा?" टॅमी म्हणाली. "आज तर मंगळवार आहे. काय झालं?"

"काही नाही. बरा आहे मी."

"मग?"

डॉट खाली बसली. तिच्या नाकाला मक्याच्या पावाचा जुना चुरा लागला होता.

"तुझ्या आईने कोट मागितला होता माझ्याकडे," वेंडेल म्हणाला. "हॉस्पिटलात. ते तुला आधी सांगतो."