धुळीचा पुरावा

आमच्या ह्यांना सगळ्यात गावाशेजारची कंपनीच दिसते. म्हशीनं दूध चोरलं, कंपनीचं पाणी. सुनेला शिंक आली, कंपनीचा धूर. तिथंच पंधरा वर्षं शिफ्ट केल्या, ते मात्र कधी आठवत नाही.

तर दसऱ्याच्या सुमारास वरसे गावातल्या आमच्या वाडीत अंजिरांना रोग लागला. सहा झाडं. तीन उन्हाळे मी कळशीनं पाणी घालून जगवली, आणि यंदा पहिल्यांदा फळ धरणार होती. पानांवर पिवळे ठिपके आले, मग पानं करपून पटापटा गळायला लागली. माझा जीव खालीवर.

ह्यांनी, म्हणजे आमच्या काळुरामांनी, एक पान बोटांत धरून चोळलं. बोटाला तांबूस भुकटी लागली आणि चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "बघितलंस गो? कंपनीची धूळ! आता सोडत नाय!"

झालं. अर्ज लिहिला. गावभर फिरून चाळीस सह्या घेतल्या, त्यातल्या निम्म्यांनी अंजिराचं झाडसुद्धा पाहिलेलं नाही. वर गळलेलं एकेक पान गोळा करून झाडांच्याच बुंध्याशी ढीग लावला, त्यावर ताडपत्री. "पुरावा हाय. चौकशीला माणसं येईपर्यंत हात लावायचा नाय." रोज सकाळी ताडपत्री उघडून ढीग वरखाली करायचे आणि खूश व्हायचे. इकडे रोज नवी फांदी पिवळी.

शेवटी मी गुपचूप कृषी सहायक मनालीबाईंना घेऊन आले. तरणी पोरगी, पण कामात पक्की. तिनं पान उलटं केलं. "काकी, भुकटी सगळी पानाच्या खालच्या बाजूला आहे. धूळ वरून पडते ना? मग खाली कशी चिकटली? हा तांबेरा, बुरशीचा रोग. दमट हवेत वाढतो. गळलेली पानं जाळा, दाट फांद्या विरळ करा आणि मोरचूद-चुन्याचं औषध पानांच्या खालूनही मारा." मग तिची नजर ढिगाकडे गेली. "अगं बाई! हे तर रोगाचं कोठारच भरून ठेवलंय!"

हे कधी मागं येऊन उभे राहिले कळलंच नाही; सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुमच्यावर कंपनीचा दाब हाय. समजतो मी."

असा संताप आला मला! दुसऱ्या दिवशी हे सह्यांचा कागद घेऊन पेणच्या सरकारी कचेरीत गेले. मी ताडपत्री ओढली, ढीग पाटीपाटीनं लांब माळावर नेला आणि पेटवून दिला. पान न पान जाळलं.

संध्याकाळी हे आले. ढीग नाही, माळावर राख. मी पदर खोचून उभी, सगळं सांगायला तयार. पण मला विचारतंय कोण? "जाळला! कंपनीनं माणसं पाठवून पुरावा जाळला!" बांधावर बसून लगेच दुसरा अर्ज सुरू. "साक्षीदार म्हणून पहिली सही तुझी."

"करते," मी म्हणाले. "पण आधी औषध मारा. झाडंच मेली तर चौकशीवाल्यांना दाखवाल काय, माझं कपाळ?"

हे मात्र पटलं. सकाळी पंप पाठीला लावला आणि वाकून वाकून पानांच्या खालून फवारलं, मनालीबाईंनी सांगितलं होतं अगदी तसं. सहाही झाडं.

मग मी सही केली. नावाखाली ह्यांनी आपल्या हातानं लिहिलं, "पुरावा जाळताना प्रत्यक्ष हजर." अख्ख्या अर्जात तेवढंच खरं होतं.