जाळीच्या आतला मी

मित्रांनो, मला गोष्ट सांगायची सवय नाही आणि ही नीट सांगता येईल याची खात्रीही नाही. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक जुना औद्योगिक रोबो. आमच्या कारखान्यात लोखंड तापवून ठोकतात. भट्टीतून लालबुंद गोळा उचलायचा, गर्रकन वळायचं आणि तो प्रेसच्या जबड्यात ठेवायचा, हे माझं काम. घाव बसला की ठिणग्यांचा फवारा उडतो, जमीन हादरते आणि गोळ्याचा आकार एका क्षणात मोडून जातो. मला घडवणाऱ्यांनी बळ दिलं, वेग दिला. समोर लोखंड आहे की माणूस, हे ओळखण्याची बुद्धी मात्र दिली नाही.

म्हणून माझ्याभोवती उंच जाळी आहे. तिच्या दाराला पोलादाची एक लहानशी जीभ आहे. दार उघडलं की ती चौकटीच्या खाचेतून निघते आणि मी जागच्या जागी थबकतो.

माझी देखभाल काळुराम करायचा. कळव्याहून सायकलने यायचा, मला पुसायचा, सांध्यांना ग्रीस भरायचा आणि दिवसभर माझ्याशी बोलत राहायचा. पुढे शहाडच्या रचनाने, म्हणजे आमच्या तरुण इंजिनिअरने, एक छोटा रोबोटिक आर्म आणला. तो टेबलावर बसून तयार नग खोक्यात भरतो. त्याला जाळी नाही. शेजारच्या बाईचं कोपर लागलं तरी तो चटकन थांबतो. काळुरामला त्याची गंमत वाटायची. तो मला म्हणायचा, "बघ, तो आपला जावई, बाहेर पंख्याखाली बसतो. तू घरचा बैल, आपला गोठ्यात."

मग दसरा आला. आमच्याकडे यंत्रांची पूजा झाली की हार तसाच ठेवून निदान एक-दोन नग काढतात, नाहीतर पूजा पुरी झाली असं कोणी मानत नाही. त्या दिवशी हळदकुंकू, नारळ, पेढे घेऊन सगळ्यांची ये-जा चालली होती. दार उघडलं की मी थांबणार, मग मला पुन्हा सुरू करत बसावं लागणार. मॅनेजर शौनकसाहेब वैतागले. कपाटात एक जादा जीभ होती, ती खाचेत घालून बांधून टाकायला त्यांनी सांगितलं. काळुरामने ती पूजेच्या लाल नाड्यानेच बांधली. दार सताड उघडं होतं आणि मी ते बंद समजत होतो.

पहिला नग निघाला. वळताना माझ्या मनगटावरचा झेंडूचा हार सुटून प्रेसपाशी पडला. दुसरा गोळा भट्टीत तापत होता, म्हणून मी स्तब्ध उभा होतो. काळुराम आत शिरला. त्याचा धाकटा भाऊ गोपीनाथ भट्टीवर होता. राहू दे तो हार, असं तो म्हणाला.

"थांबलाय ना तो," काळुराम वाकत म्हणाला. "देवाची फुलं आहेत, चिरडायला नकोत."

मी थांबलो नव्हतो, मित्रांनो. मी वाट बघत होतो.

भट्टीचा इशारा आला आणि मी वळलो. माझा तडाखा काळुरामच्या खांद्यावर बसला आणि तो प्रेसच्या खांबावर आपटला. मला वाटेत अडथळा जाणवला. अडथळा आला की जोर वाढवायचा, एवढंच मला शिकवलेलं. मी जोर वाढवला. त्याचं हाड फुटलं, रक्त खांबावरून फुलांवर ओघळलं.

रचनाने धावत येऊन लाल बटण दाबलं. मी थांबलो, पण काळुराम माझ्या आणि खांबाच्या मध्ये चिणलेला. तिने माझे ब्रेक सोडले, चौघांनी मला मागे रेटलं, तेव्हा तो खाली कोसळला. त्याला दवाखान्यात नेलं आणि गोपीनाथने घण उचलला. त्याने माझं मनगट फोडलं, केबली तोडल्या. काळं ग्रीस त्याच्या तोंडावर उडालं, तरी तो थांबेना. शेवटी रचना मध्ये उभी राहिली. घण तिच्या डोक्याच्या वर, हवेतच थांबला.

शौनकसाहेब म्हणाले, भंगारात घाला हा राक्षस, सगळीकडे छोटे आर्म बसवू.

रचनाने खाचेतली जीभ उपसली. लाल नाडा तिच्या बोटांत लोंबत होता. "छोट्याला हा गोळा उचलता येणार नाही, सर. हात दोघांनाही आहेत. त्याला लागलेलं अंगात कळतं, याला फक्त या दारात कळतं. जाळी, दार, ही जीभ, सगळं मिळून हा रोबो आहे. आपण त्याची जाणीवच बांधून टाकली."

मला भंगारात घालायचं पुन्हा कोणी बोललं नाही.

काळुराम वाचला. उजवा हात मात्र खांद्यापासून गेला. माझं मनगट नवं बसवलं. त्याचं कुठून बसवणार?

पुढच्या दसऱ्याला तो आला. शर्टाची उजवी बाही दुमडून टाचलेली. आता माझ्यावर गोपीनाथ काम करतो. तो पूजेआधी मला बंद करून, कुलूप लावून, किल्ली खिशात ठेवून हार घ्यायला आला. काळुरामने हार त्याच्या हातात दिला नाही. डाव्या हाताने दाराच्या त्या जिभेला हळदकुंकू लावलं आणि हार दारावरच चढवला.

"याचीच पूजा करायची राहून गेली होती," तो म्हणाला.

मग कुलूप काढून मला सुरू करायला लावलं. त्याने बाहेरूनच दार किंचित उघडलं. मी थबकलो. दार लावून, मला पुन्हा सुरू करवून, त्याने ते आणखी एकदा उघडलं. मी पुन्हा थबकलो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारख्यापाशी कामाला आलात, तर मला पुसा, ग्रीस भरा, नाही भरलं तरी चालेल. फक्त ते दार बांधू नका. तुम्ही आत आहात, हे मला दुसरं कोणी सांगत नाही.