खुंटीची दाढ

पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढत, मागच्या खोलीत मिस्त्री कवळ्या करत. तीस वर्षं दवाखान्याचा असा कारभार चालला होता. मिस्त्री हे नाव डॉक्टरांनीच दिलेलं. पुढे मिस्त्रींची बायकोही त्याच नावानं हाक मारू लागली.

सात वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या नाकामागे, घशाच्या वरच्या अंगाला गाठ निघाली. कर्करोगाची. मोठ्या इस्पितळात पस्तीस वेळा किरण घ्यायचे ठरले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी एक कागद हातात ठेवला. किरणांनी जबड्याचं हाड कायमचं दुबळं होतं, रक्त कमी पोचतं. मग कशाकशानं ते मरू शकतं, त्याची यादी. सिगारेट. वाढलेली साखर. अस्वच्छ तोंड. आणि सगळ्यात वर, किडके दात मागे ठेवणं. नंतर ते निघाले तर जखम भरून येत नाही.

"खालच्या चार दाढा आत्ताच काढून या," बाई म्हणाल्या.

तीन दाढा दवाखान्यात डॉक्टरांनी काढल्या. चौथीपाशी मिस्त्रींनी त्यांचा हात धरला.

"ही राहू द्या."

"कागदावर चार आहेत."

"बाईंनी जन्मात एक तरी कवळी केलीय का? खालची कवळी बिनखुंटीची असली की जिभेबरोबर नाचते. हिला तार अडकवतो. मग बघा कशी बसते."

डॉक्टरांनी दाढ हलवून पाहिली. घट्ट होती. कवळीच्या बाबतीत ते मिस्त्रींच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

गाठ गेली. लाळ आटली ती मात्र आटलीच; पाण्याची बाटली मिस्त्रींच्या हाताला चिकटली. कागद त्यांनी कामाच्या भिंतीवर लावला आणि तंतोतंत पाळला. सिगारेट सुटली, साखर ताब्यात राहिली, दिवसातून चार वेळा चूळ भरणं चुकलं नाही. फक्त सगळ्यात वरची ओळ कॅलेंडरखाली झाकली गेली होती. कॅलेंडर त्यांनीच तिथं टांगलं होतं.

यंदा दाढ ठणकू लागली. मिस्त्री कुणाला बोलले नाहीत. दोन महिने तार सैल करत, घट्ट करत राहिले.

एका सकाळी बेसिनपाशी त्यांनी कवळी काढली, तर ती फारच सहज निघाली. तारेत दाढ अडकलेली होती, मुळासकट. रक्त थुंकायला ते वाकले. थुंकले ते नुसतं पाणी. पुन्हा चूळ भरली. बेसिन पांढरंच राहिलं. मग त्यांनी जीभ तिथं नेली. फुटक्या कपाच्या कडेसारखं काहीतरी लागलं.

"आत झोपलात की काय?" बायकोनं दारावर थाप मारली.

"आलो," ते म्हणाले, पण बराच वेळ गेले नाहीत.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढून पाहिलं. "हाड उघडं पडलंय," एवढंच म्हणाले आणि दवाखाना बंद करून त्यांना इस्पितळात घेऊन गेले.

फोटोत हाड तीन बोटं आतपर्यंत मेलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बोटानं दाखवलं: इथून इथपर्यंत काढावं लागेल. तिथं पायाचं हाड बसवायचं.

"धरेल ना?" बायकोनं विचारलं.

"किरण लागलेल्या जागी खात्री देता येत नाही. जबड्याचा जुना साचा असेल तर आणा, माप घेता येईल."

बाहेर बाकावर डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तेव्हा मी यांचं ऐकायला नको होतं."

"आता कुणाला बोलायचं? आपलेच दात, आपलेच ओठ," ती म्हणाली. आपण काय बोललो ते मग तिच्या ध्यानात आलं. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मिस्त्रींनी फळीवरून स्वतःच्या जबड्याचा जुना प्लास्टरचा साचा काढला. जाणारा तुकडा पेन्सिलीनं आखला. मग साचा दिव्याखाली धरून पाहिला. रेघ त्यांनी पुढचा एक दात वाचवून काढली होती.

त्यांनी उठून कॅलेंडर खाली उतरवलं. रेघ पुसली, आणि बाईंनी दाखवली होती तिथं पुन्हा काढली, दाताच्या पलीकडून.

"साचा घट्ट धरा," ते शेजारी उभ्या डॉक्टरांना म्हणाले आणि त्यांनी बारीक करवत उचलली.